पोहरादेवीची भाजी पोहरादेवीत पिकावी

संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. रामनवमीला देशभरातून भाविक लोटतात. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. या विकासात अर्ध्या-एक एकरात भाजी करणारा शेतकरी मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. ग्रामपंचायत, संस्थान आणि कृषी विभागापुढे म्हणून हे मुद्दे.

1. गिऱ्हाईक दारात आहे, बोली नाही. आपल्याकडं शेती म्हणजे सोयाबीन अन् तूर; पैसा वर्षातून एकदा. मेथी महिन्याभरात हाती येते, तरी माणूस भाजी लावायला बिचकतो. सांभार (कोथिंबीर) दुसऱ्या दिवशी कोमेजतो, भाव पडला तर तोडणीची मजुरीही अंगावर येते. त्याला अनुदानाआधी खात्रीचं गिऱ्हाईक हवं. भंडाऱ्याला आणि भक्तनिवासांना लागणाऱ्या भाजीतला ठरावीक वाटा गावातून आणि आसपासच्या तांड्यांतून, आधी ठरलेल्या भावानं घ्यावा. 2016 पासून फळं-भाजीपाला नियमनमुक्त आहे, त्यामुळं बाजार समितीची आडकाठी नाही.

2. खरी अडचण पाण्याची. रामनवमी चैत्रात येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत विहिरी तळ गाठतात. खालचा काळा दगड पाणी फार साठवत नाही. म्हणून एकरभर ओलिताचा हव्यास सोडून अर्धा एकर ठिबकवर घ्यावा, वर सोयाबीनच्या कुटाराचं आच्छादन. अल्पभूधारकाला ठिबकसाठी 80 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पाण्यासारखंच वेळेचंही आहे: भेंडीचा पहिला तोडा दीड-पावणेदोन महिन्यांनी येतो. वांग्याचं रोप तर त्याच्याही कितीतरी आधी हवं. यात्रेच्या तोंडावर दिलेली मागणी काय कामाची?

3. निर्माल्याचं खत करा. कमी शेणात जास्त कंपोस्ट देणारी नाडेप पद्धत शेजारच्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी दिली. विटांचं हवेशीर टाकं, त्यात काडीकचरा, थोडं शेण आणि मातीचे थर. तीन-चार महिन्यांत खत तयार. यात्रेनंतर फुलं, पानं, भाजीचे देठ यांचा ढीग लागतो. प्लास्टिक आणि नारळाच्या शेंड्या तेवढ्या बाजूला काढाव्या लागतील. टाकी ग्रामपंचायतीनं बांधावीत, खत भाजीवाल्यांना द्यावं.

4. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर एका रात्रीत वाफे साफ करतात. एकट्याला कुंपण परवडत नाही. लागून असलेल्या शेतांना मिळून द्या.

5. ‘शंभर टक्के सेंद्रिय’च्या पाट्या पहिल्याच वर्षी नकोत. परंपरागत कृषी विकास योजनेतले गटसुद्धा तीन वर्षांचे असतात, ते उगाच नाही. यवतमाळचे सुभाष शर्मा यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची नैसर्गिक शेतीही वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून उभी राहिली. आधी फवारणीची वही ठेवा, ती गिऱ्हाईकाला दाखवा.

6. भाजी विकणाऱ्या बायांना सावलीचे ओटे हवेत. एकेकाळी बैलांच्या लदेणीवर धान्य अन् मीठ मुलुखभर पोचवणाऱ्या समाजाच्या तीर्थात विकणारीनं उन्हात बसावं, हे बरं दिसत नाही.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एवढं तरी व्हावं: संस्थानानं यात्रेला लागणाऱ्या भाज्यांची यादी, अंदाजे वजन आणि भाव लिहून द्यावेत, आणि तो कागद तांड्या-तांड्यावर लावावा.