आधी संसार, मग लग्न

नवराबायकोचं किती जमतं हे मोजायला अमेरिकेतले संशोधक ग्रॅहम स्पॅनियर यांनी १९७६ मध्ये ३२ प्रश्नांची मोजपट्टी बनवली. पैसा, घरकाम, सासर-माहेर, प्रेम, सगळं तिच्यात आहे. सावकार तेवढा नाही!

डहाणू-तलासरीतल्या वारली आदिवासींच्या संसारात तो होता. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा आणि बायको दोघंही त्याच्याकडे वर्षानुवर्षं राबत. अशांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये किसान सभेच्या लढ्यात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने, वारल्यांनी ही वेठ मोडली.

लग्नाचा खर्च मात्र उरला. म्हणून डहाणूतल्या कैनाडच्या पट्ट्यात काही जोडपी आधी घर मांडतात आणि पैसे जमल्यावर धवलेरीकडून, म्हणजे लग्न लावणाऱ्या वारली बाईकडून, लग्न लावून घेतात. कधी त्यांची मुलंच वऱ्हाडात असतात. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन यांनी २००४ मध्ये अमेरिकेत लग्नसंस्थेचे नियम सैल होत असल्याचं मांडलं. तो चष्मा इथे लावू नये. इथे अडतं ते खर्चापाशी.

अशा जोडप्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण लग्नाचा कागद नसला की वारसाहक्कासाठी बाईलाच खेटे घालावे लागतात. अशा जोडप्यांसाठी सामूहिक विवाहांचे मंडप घालणाऱ्यांनी तिथेच विवाहनोंदणीचं टेबलही मांडावं.