रोषणाईच्या आधी मेन स्विच पाहू या

शाबान लागला की मोहल्ल्यामोहल्ल्यांत मशिदीच्या साफसफाईची लगबग सुरू होते. रंगसफेदी होते, जाजमे उन्हात पडतात, पंखे उतरवून पुसले जातात, मिनारांवर रोषणाईच्या माळा चढतात. उरुसाच्या आधी दर्ग्यातही हेच चित्र असते. या तयारीच्या यादीत एक काम मात्र बहुधा नसते. जुन्या इमारतीला आग लागू नये म्हणून काय करायचे आणि लागलीच तर काय वाचवायचे, याचा विचार या महिन्यात आपण करू.

हा विचार नवा नाही. मदिनेत एका रात्री एक घर जळाले, तेव्हा झोपण्यापूर्वी आग विझवत जा, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे हदीसमध्ये येते. उंदीर जळती वात ओढून नेतो आणि घर पेटवतो, इतका बारीक इशाराही त्यात आहे. पुढे हिजरी ६५४ मध्ये (इ.स. १२५६) रमजानच्या पहिल्याच रात्री मस्जिद-ए-नबवीचा एक सेवक दिवे आणायला भांडारखोलीत गेला. त्याच्या हातातल्या दिव्याने सामान पेटले, आग छताला पोचली आणि लाकडी छत जळून गेले. अंगणात मौल्यवान वस्तूंसाठी एक वेगळा घुमट बांधलेला होता. तो तेवढा वाचला आणि त्यात ठेवलेला, हजरत उस्मान (रजि.) यांचा म्हणून जपलेला मुसहफही वाचला.

श्रीनगरच्या खानयार भागातला दस्तगीर साहिब दर्गा २५ जून २०१२ रोजी जळाला. दोनशेहून अधिक वर्षांचे लाकडी बांधकाम, नक्षीदार छत, कागदी लगद्यावरची रंगीत कलाकुसर, सारे काही तासांत गेले. इथेही पवित्र अवशेष आगीपासून सुरक्षित तिजोरीत होते, म्हणून राहिले. मदिना आणि श्रीनगर यांच्यात साडेसातशे वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हीकडे वाचले ते आधीच वेगळे ठेवलेले.

महाराष्ट्रातही हे घडते. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ सालचे कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री डोळ्यांदेखत जळाले.

अशा वेळी एक सूर नेहमी निघतो: "लाकडाचा भरवसा नाही, जुनी मशीद पाडा आणि सिमेंटची बांधा." घाई करू नये, असे आम्हाला वाटते. जाड सागवानी तुळई पेटते हे खरे, पण तिच्यावर कोळशाचा थर धरतो आणि आतला गाभा बराच वेळ भार पेलतो. उघडा लोखंडी गर्डर मात्र ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जवळपास निम्मी ताकद गमावतो. शिवाय शंभर-दीडशे वर्षे उभी असलेली इमारत आज धोक्यात येते ती बहुतेकदा आपण नंतर भरलेल्या गोष्टींमुळे. जुन्याच वायरीवर एसी, गीझर आणि कूलर चढतात. एका बोर्डाला दुसरा बोर्ड जोडला जातो. छताच्या पोकळीत धूळ, कबुतरांची घरटी आणि वायरींचे जाळे एकत्र नांदते. मजारीजवळ पॉलिस्टरच्या चादरींचा ढीग असतो आणि हातभरावर अगरबत्ती जळत असते. या गोष्टी इमारत न पाडताही बदलता येतात.

मग जमातीने काय करावे?

१. परवानाधारक वायरमनकडून वर्षातून एकदा वायरिंग तपासून घ्यावे. रोषणाईसाठी वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी असावा. मेन स्विच कुठे आहे हे मोअज्जन, खादिम आणि शेजारच्या चार घरांना ठाऊक असावे. इशाच्या नमाजनंतर, तरावीह असेल तेव्हा तरावीहनंतर, गरजेपुरते सोडून बाकी सारे बंद व्हावे.

२. दुरुस्तीच्या काळात अधिक जपावे. वेल्डिंगची ठिणगी लाकडाच्या भेगेत तासन्‌तास धुमसते. काम संपल्यावर निदान तासभर कोणीतरी तिथे थांबून लक्ष ठेवावे.

३. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. पावडरचे अग्निशामक उपयोगी असते, पण जुने ग्रंथ आणि रंगीत लाकूडकाम असेल तिथे कार्बन डायऑक्साइडचे बरे, कारण पावडर वस्तू खराब करते. मुदत संपलेला सिलिंडर भिंतीवर शोभेला लटकवू नये.

४. हौद ही आपल्या मशिदींची मोठी ठेव आहे. वीज गेल्यावरही चालेल असा इंजिनवरचा पंप आणि लांब पाइप असेल, तर बंब येईपर्यंत तेच पाणी कामी येईल. बंब आत यायचा तर गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावू नयेत. आग दिसताच आधी माणसे बाहेर काढावीत आणि १०१ ला फोन करावा.

५. इमारतीचे दप्तर तयार करावे. प्रत्येक खांब, कमान, मिंबर आणि शिलालेख यांचे फोटो व मोजमापे घेऊन एक प्रत मशिदीबाहेर ठेवावी. १९६९ च्या आगीत जळालेले मस्जिद-ए-अक्साचे मिंबर जुन्या छायाचित्रांवरून नव्याने घडवून २००७ मध्ये परत बसवता आले. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे लाकडी छत २०१९ मध्ये जळाले. त्याची तुळईन्‌तुळई २०१४ मध्येच मोजून ठेवलेली होती, म्हणून ते तसेच पुन्हा उभारता आले.

त्याच नोत्र दामने दुसराही धडा दिला आहे. तिथे आगीची सूचना देणारी यंत्रणा होती आणि ती वाजलीही होती. पण पहारेकरी आधी भलत्याच जागी पाहायला गेला आणि मोलाचा वेळ हातचा गेला. म्हणून उपकरणे विकत घेऊन थांबू नये, वर्षातून दोनदा सराव करावा.

यातले बरेचसे काम खर्चाचे नाही. फोटो आणि मोजमापे कॉलेजातल्या मुलामुलींना एका रविवारी करता येतील. चादरी, पडदे आणि जाजमे धुण्याचे काम ज्या भगिनी करतात, त्यांना कोपऱ्यातली उघडी वायर सर्वांत आधी दिसते. त्यांचे म्हणणे विश्वस्तांपर्यंत पोचावे, एवढी सोय जमातीने करावी. येत्या जुम्याला नमाजनंतर मुतवल्लींना एकच प्रश्न विचारा: आपल्या मशिदीचे वायरिंग शेवटचे कधी तपासले? उत्तर लगेच मिळाले नाही, तर रोषणाईच्या माळा चढण्याआधी वायरमनला बोलवा.