उन्हाळ्याचे टायर

‘टायर फुटला’ हे आपल्याकडचे फार सोयीचे वाक्य आहे. त्यात फोडणारा कोणी नसतो. काच फुटली, नशीब फुटले, तसा टायर फुटला. ऐकणाराही पुढे काही विचारत नाही. फार तर ‘कोणाला लागले नाही ना?’ एवढेच. मे २०२३ मध्ये हे वाक्य मी स्वतः भेटेल त्याला ऐकवत होतो. तीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने ते ऐकवावे, ही त्यातली लाजिरवाणी गोष्ट.

घडले ते असे. भाच्याच्या लग्नासाठी आम्हाला छत्रपती संभाजीनगरला जायचे होते. मी, पत्नी आणि मागच्या सीटवर मेहुणी. येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढलो तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते, आणि वर्ध्यात मे महिन्यात दहा म्हणजे सकाळ नव्हेच. जुन्या रस्त्याने जाताना आमची गाडी कधी सत्तरच्या पुढे गेली नव्हती. या रस्त्यावर मात्र वेग वाढवावा लागत नाही, तो आपोआप वाढतो. काटा एकशे दहावर कधी गेला ते कळले नाही. कारंजा लाडच्या पुढे मागच्या बाजूने आधी थडथड, मग मोठा आवाज आला आणि गाडीचा मागचा भाग कोणीतरी शेपटी धरून ओढावी तसा डावीकडे सरकला. ब्रेकवर पाय दाबला नाही, एवढे एक शहाणपण त्या क्षणी सुचले. स्टिअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू कडेला लागू दिली. कोणाला खरचटलेही नाही. डिकीतून स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा नावालाच. ती शेवटची कधी पाहिली होती, हे पत्नीने विचारले. मी उत्तर दिले नाही.

दीड तासाने एक पंक्चरवाला मिस्त्री छोट्या पिकअपमधून आला. साठीच्या आसपासचा माणूस. त्याने फाटलेला टायर रिमवरून उतरवला, आत हात फिरवला आणि मूठभर काळी भुकटी माझ्यापुढे धरली. म्हणाला, ‘‘फुटला नाही जी हा सर, शिजला हाय.’’

त्या भुकटीचा अर्थ असा, की टायर बाहेरून खिळा लागून किंवा आतल्या हवेच्या जोराने फुटलेला नव्हता. हवा कमी असल्यामुळे त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबत होती, वळत होती, आतल्या आत घासत होती आणि तापत होती. मिस्त्रीने बाजूवर गोल फिरलेला घासल्याचा पट्टाही दाखवला. मग टायरच्या कडेवर कोरलेल्या डीओटी या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचले : १५१४. म्हणजे २०१४ सालचा पंधरावा आठवडा. टायर नऊ वर्षांचा होता. मी चकित झालो, कारण खाचा चांगल्या होत्या. निवृत्त माणसाची गाडी चालतेच किती? भाजीबाजार, दवाखाना, वर्षातून चार वेळा नागपूर. टायर झिजला नव्हता म्हणून मला तो नवा वाटत होता. पण रबर नुसते झिजत नाही, ते म्हातारेही होते. आणि वर्ध्याच्या उन्हात दारापुढे उभ्या असलेल्या गाडीचे जरा लवकरच. बाजूला केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. दर दसऱ्याला त्याच टायरवर आम्ही हळदकुंकू वाहत होतो, झेंडूची माळ घालत होतो. त्यावरचे चार आकडे मात्र नऊ वर्षांत एकदाही वाचले नव्हते.

आता हवा कमी का होती, ते सांगतो. निघण्याच्या आदल्या दिवशी मी टायरच्या दुकानात जाऊन मुद्दाम हवा तपासून घेतली होती. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘काका, उन्हाळा आहे, दोन-चार पॉइंट कमीच ठेवतो. हवा गरम होऊन फुगते.’’ मी मान डोलावली. हा सल्ला विदर्भातल्या कुठल्याही दुकानात मिळतो, आणि तो देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्यातला पहिला अर्धा भाग खराही आहे. हवा तापली की दाब वाढतो. माझ्या गाडीच्या दाराच्या खांबावर ३३ हा आकडा छापलेला आहे. समजा, २७ अंशांवर ३३ पॉइंट हवा भरली आणि पळून पळून आतली हवा ६७ अंशांपर्यंत तापली, तर दाब साधारण ३९ होतो. हे गणित मी वर्गात फळ्यावर कितीदा मांडले असेन! पण ही वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते, आणि धडधाकट टायर याहून कितीतरी जास्त दाब सोसतो. त्याला सोसत नाही ते वाकणे. हवा कमी केली की टायर जास्त वाकतो, वाकला की जास्त तापतो, तापला की रबर आणि आतले धागे एकमेकांना सोडू लागतात. म्हणजे उष्णतेच्या भीतीने आपण हवा काढतो आणि त्यानेच उष्णता वाढवतो. हवा कमी असली की गाडी मऊ चालते, खड्डे कळत नाहीत, हेही त्या सल्ल्याच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.

मग इतकी वर्षे हे चालले कसे? चालले, कारण आपले रस्ते वाईट होते. वर्धा ते नागपूर हे पंचाहत्तर किलोमीटर आपण सेलू, केळझर, बुटीबोरी करत, बैलगाड्यांना बाजू देत, चहाला थांबत जात होतो. टायरला मध्ये मध्ये श्वास घ्यायला मिळत होता. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्याच्या शिवारातून ताशी १२० किलोमीटरची वाट गेली. मोटारीचे मधल्या आकाराचे चाक एका फेऱ्यात दोन मीटरला थोडे कमी अंतर जाते. ताशी १२० च्या वेगाने ते सेकंदाला सतरा वेळा फिरते, म्हणजे टायरची प्रत्येक जागा सेकंदाला सतरा वेळा दबते आणि सुटते. थांबा नाही, गाव नाही, गतिरोधक नाही. सिमेंटच्या रस्त्यामुळे टायर फुटतात, असे सरसकट बोलले जाते. पण सिमेंटचा पांढरट रस्ता काळ्या डांबराइतका तापत नाही. रस्त्याचा दोष असलाच तर तो एवढाच, की तो आपल्याला थांबवत नाही. रस्ता नव्या जमान्याचा झाला आणि टायरकडे पाहण्याची आपली सवय सत्तरच्या वेगातली राहिली.

माझ्या प्रसंगाला दीड महिनाही झाला नसेल, तोच १ जुलै २०२३ ची ती पहाट आली. नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खांबाला आणि दुभाजकाला धडकून उलटली आणि पेटली. पंचवीस माणसे गेली. त्यांत वर्ध्याहून बसलेले अनेक होते, शिकायला आणि नोकरीला निघालेली तरुण मुले होती. तो दिवस या गावात कसा गेला, हे वर्धेकरांना सांगायला नको. त्या सकाळी पहिली बातमी आली ती हीच : टायर फुटला. चालकाने तसे सांगितले होते. पुढे अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही, असे म्हटले गेले. मी ती बातमी दोनदा वाचली. टायर फुटला असला तर तो का फुटला हे आपण विचारत नाही. आणि फुटला नसला तरी तेच वाक्य आधी तोंडात येते, कारण ते वाक्य चौकशी तिथेच संपवते. त्या दिवसापासून मी माझ्या प्रसंगाविषयी ‘टायर फुटला’ म्हणणे सोडले. ‘मी हवा कमी ठेवली होती आणि टायर जुना होता’ असे म्हणतो. ऐकणाऱ्याला ते जरा अवघड जाते.

ऋतूप्रमाणे टायरची काळजी घेणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे मनाला जास्त लागले. २०१८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही मुलीकडे मॉन्ट्रियलला होतो. तिथल्या क्यूबेक प्रांतात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. तेव्हा १५ डिसेंबरची मुदत होती. २०१९ पासून ती १ डिसेंबर झाली. तिथून १५ मार्चपर्यंत ते टायर गाडीला हवेतच. नोव्हेंबरात आमचे जावई मला गॅरेजवर घेऊन गेले. गाडी वर उचलली, चारही चाके उतरली, हिवाळ्याची चार चाके वेगळ्या रिमवर तयारच होती, ती चढली. अर्ध्या तासात काम झाले. गॅरेजवाल्याने बजावले, की शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळून घ्या. उन्हाळी टायर त्याच्याच गोदामात उन्हाळ्यापर्यंत ठेवायला गेले. मला हे श्रीमंतांचे चोचले वाटले, आणि तसे मी बोललोही.

त्या दिवशी हवेत आठ-दहा अंश होते, रस्ता कोरडा होता. नव्या टायरवर गाडी चक्क वाईट चालत होती. वळणावर जरा डोलायची, स्टिअरिंग फिरवल्यावर क्षणभर विचार करून मग वळायची, आणि चाकांचा घरघराट येत होता. जावयांना म्हटले, ‘‘यासाठी एवढे पैसे?’’ ते म्हणाले, ‘‘बाबा, बर्फ पडू द्या.’’ आठवड्याने बर्फ पडला. पारा शून्याच्या खाली. आमची गाडी सिग्नलवर सावकाश, पण सरळ रेषेत थांबली. शेजारच्या रांगेतली एक गाडी चाके थांबूनही घसरत पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे गेली. साध्या टायरचे रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्ता सोडते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. हेच टायर वर्ध्याच्या मे महिन्यात लावले तर खोडरबरासारखे झिजतील आणि ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबेल. रबराची ही दोन दुखणी मुळापासूनची आहेत. कच्चे रबर थंडीत दगड व्हायचे आणि उन्हात चिखल. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये ते गंधकाबरोबर तापवून पाहिले तेव्हा कुठे ते वापरण्याजोगे झाले. पण दोन्ही ऋतूंची भीती त्याच्या अंगातून पूर्णपणे गेलेली नाही.

आपल्याकडेही हे भान नव्हते असे नाही. धाम नदीकाठच्या आमच्या गावी आजोबांची लाकडी चाकांची बैलगाडी होती. चाकावरची लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आकसून ती लाकडाला घट्ट धरायची. उन्हाळ्यात लाकूड आटले की धाव सैल व्हायची, आरे करकरायचे. मग आजोबा चाके काढून डोहात भिजत ठेवायचे. लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट. हे करण्यासाठी त्यांना कोणी दंड लावत नव्हता. उन्हाळा लागला की चाकाकडे बघायचे, हे त्यांना पेरणीइतकेच ठाऊक होते. रबरी टायर आला तेव्हा आपण समजलो की आता चाकाला ऋतू उरला नाही.

आपल्याला वेगळे टायर विकत घ्यायचे नाहीत. इथे मिळणारे टायर उष्ण हवेसाठीच केलेले असतात. प्रश्न आहे तो पाहण्याचा. धुराचे प्रमाणपत्र आपण ठरलेल्या मुदतीने काढतो, पण खाजगी मोटारीची योग्यता तपासणी पंधरा वर्षे होतच नाही. खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये असा नियम आहे, तो खाचेपुरता. माझा टायर त्या नियमात अगदी व्यवस्थित बसत होता. २०२३ च्या उन्हाळ्यात समृद्धीवर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात झाली, ते चांगलेच झाले. पण तिथेही हवेचा दाब आणि त्या चार आकड्यांवरून टायरचे वय पाहिले पाहिजे. क्यूबेकने तारीख ठरवली, तशी विदर्भाने गुढीपाडव्याची का ठरवू नये? प्रत्येक तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळ, आठ दिवस फुकट तपासणी. काळी-पिवळीवाल्याला चार नव्या टायरचे पैसे एकदम काढणे जड जाते, हे मला मान्य आहे. त्याला आधी दंड नको, मुदत द्या. पण त्याच्या गाडीत बारा माणसे बसतात, हेही त्याच वेळी सांगा.

मी चारही टायर बदलले. गाडी आता थोडी कडक लागते, आरवी नाक्याजवळचा प्रत्येक खड्डा पाठीला कळतो. पण वळणावर ती बोट धरून चालल्यासारखी वळते. हवा मी पहाटेच भरून घेतो, टायर थंड असताना, पंपावर गर्दी होण्याच्या आधी. गेल्या एप्रिलमध्ये पंपावर नवा पोरगा होता. नळी लावता लावता म्हणाला, ‘‘काका, ऊन लई हाय, तीसच ठेवू?’’ मी दार उघडून त्याला खांबावरचा आकडा दाखवला. त्याने तो वाकून वाचला, माझ्याकडे पाहिले आणि तेहतीस भरली. मग म्हणाला, ‘‘स्टेपनी?’’

मी डिकी उघडली.