तीन मिलिमीटरची खोली

मंचरच्या घराच्या पडवीत माझा छोटा सीएनसी राउटर आहे. आषाढात सागवानी फळीवर ‘विघ्नहर’ कोरायला घेतलं, खोली दिली 3 मिलिमीटर. डावीकडचा ‘वि’ बरोबर उतरला, उजवीकडचा ‘ह’ जेमतेम 2 भरला. फळी उचलून खालच्या एमडीएफच्या पाटावर पोलादी पट्टी उभी धरली, तर एका अंगाला पट्टीखालून उजेड दिसत होता. पावसाळी हवेत एमडीएफ ओल धरतो आणि फुगतो. मग एका कोपऱ्यात बिटखाली कागद सरकवून लावलेलं खोलीचं शून्य त्या कोपऱ्यापुरतंच खरं राहतं. रुंद बिटने राउटरकडूनच पाट तासून घेतला. तरीही ‘र’ जास्तच खोल गेला. या वेळी बिटच कॉलेटमधून, म्हणजे त्याला धरणाऱ्या पकडीतून, खाली सरकत होता, कारण आत भुसा बसला होता. खोली सगळीकडे सारख्याच प्रमाणात चुकत असती, तर मात्र आकडेच तपासावे लागले असते: 200 पावलांची मोटर, अष्टमांश मायक्रोस्टेप आणि फेऱ्याला 8 मिलिमीटर चालणारा स्क्रू म्हणजे मिलिमीटरला 200 पावलं. हे हातानेच शिकायचं काम आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला, डॉ. कलबागांनी 1983 मध्ये उभारलेल्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब, म्हणजे अशी यंत्रं हाताळून शिकायची कार्यशाळा, आहे. जुन्नर-आंबेगावच्या पोरांनी तिथे जरूर जावं. माझी फळी आता देवघरावर लागली आहे. ‘र’ किंचित खोल आहे, बोट फिरवलं की कळतो.