पहारा समाजाचा, पण शिस्तीचा

वसई पूर्वेतील चिंचपाडा भागात 18 जून 2024 रोजी सकाळी भर रस्त्यात एका तरुणीवर लोखंडी पान्याने घाव घालण्यात आले. रस्ता निर्जन नव्हता. माणसे येत-जात होती, थांबून पाहत होती, काही जण तर त्या क्रौर्याचे चित्रीकरण करीत होते. एक जण पुढे सरसावला. पण त्याच्या पाठीशी दुसरा कोणीच उभा न राहिल्याने त्यालाही मागे सरावे लागले. तरुणी गतप्राण झाली आणि बघ्यांचा तो समुदाय आपापल्या कामाला निघून गेला.

त्यानंतर पोलिसांवर टीकेचा भडिमार झाला. तो अनाठायी होता, असे आम्ही म्हणणार नाही. त्याआधी पोलिसांकडे तक्रार केली होती, असे तिच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. वसईच्याच आणखी एका तरुणीने नोव्हेंबर 2020 मध्ये नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यात आपल्या जिवाला धोका असल्याचे लेखी कळविले होते. पुढे तिने ती तक्रार मागे घेतली. मे 2022 मध्ये दिल्लीत तिची हत्या झाली आणि साऱ्या देशाला ती नोव्हेंबरमध्ये कळली. तक्रार मागे घेतली म्हणजे धोका टळला, हा सरकारी हिशेब किती महागात पडतो, याचे याहून भीषण उदाहरण कोणते हवे? परंतु पोलिसांना दोष देऊन झाल्यावर जो प्रश्न उरतो, तो आपल्याला टाळता येणार नाही. त्या रस्त्यावरची माणसे कोण होती? ती आपणच नव्हतो काय?

‘पोलीसबळ वाढवा, सारे सुरळीत होईल’ हे आपले आवडते उत्तर आहे. पोलीसबळ वाढलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. 1 ऑक्टोबर 2020 रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले, ही उशिरा का होईना पूर्ण झालेली मागणी होती. पण चिंचपाड्याची घटना आयुक्तालय होऊन साडेतीन वर्षे उलटल्यावर घडली. चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून 2009 मध्ये महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेतच तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. पहाटेच्या लोकलने घराबाहेर पडायचे आणि रात्री परतायचे, हा येथील लक्षावधी कुटुंबांचा दिनक्रम. शेजारच्या खोलीत कोण राहतो हे ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाही नाही. अशा अनोळखी माणसांच्या वस्तीत गुन्हेगाराला लपावे लागतच नाही. प्रत्येक दारापाशी हवालदार उभा करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. प्रत्येक दारामागे एक जागरूक शेजारी असणे मात्र शक्य आहे.

ही भूमी भित्र्यांची नाही. ऑक्टोबर 1989 मध्ये नालासोपारा रेल्वे स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाची गोळ्या घालून हत्या झाली. त्या काळी या भागात गुंडांची नावे उच्चारण्याचीही चोरी होती. तशा दिवसांत ‘हरित वसई’च्या झेंड्याखाली सामान्य नागरिक रस्त्यावर आले आणि भूमाफियांच्या दहशतीविरुद्ध उघडपणे बोलू लागले. त्या चळवळीच्या अग्रभागी ख्रिस्ती धर्मगुरू होते म्हणून तिचे श्रेय नाकारण्याचा कोतेपणा कोणी करू नये.

मात्र येथे दुसरा आणि अधिक कटू मुद्दा मांडावयाचा आहे. समाजाने जागे व्हावे म्हणजे हाती काठ्या घ्याव्यात, असा अर्थ काही उत्साही मंडळी काढतात. त्यांनी याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले आठवावे. टाळेबंदीच्या काळात गावोगाव रात्रीचे पहारे सुरू होते. चोर आल्याच्या अफवा पसरल्या होत्या. 16 एप्रिल 2020 च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हाती सापडले आणि पोलिसांच्या देखत ठार मारले गेले. त्या रात्री डोळे उघडे होते, विवेक मात्र गाढ झोपला होता. त्या साधूंसाठी आपण अश्रू ढाळले. मग आपल्या वस्तीत संशयावरून धरलेल्या अनोळखी पोराला खांबाला बांधून झोडपणाऱ्यांचे कौतुक आपल्याला कसे करता येईल? न्याय एकच असतो. आपल्यासाठी एक आणि परक्यासाठी दुसरा, असा तो नसतो.

कायद्याने नागरिकाला दुबळे ठेवलेले नाही. आपल्या समक्ष अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा घडत असेल, तर गुन्हेगाराला पकडण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 ने प्रत्येकाला दिला आहे. त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे बंधनही तेच कलम घालते. पकडण्याचा अधिकार आहे, शिक्षा देण्याचा नाही. नागरी पहाऱ्याची सारी नीती या एका वाक्यात सामावली आहे.

असा पहारा कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी परदेशात जावयास नको. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील साध्या माणसांना पोलिसांबरोबर नियमित बसविले, लहानसहान तंटे तेथल्या तेथे मिटविले. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दंगल उसळल्यावर बोलाविलेली बैठक तेथे उपयोगी पडली नसती. चार वर्षांची ओळख उपयोगी पडली. आपल्याकडील शांतता समित्या मात्र सणाच्या आदल्या आठवड्यात जमतात, चहापान व छायाचित्र होते आणि पुढल्या सणापर्यंत विसावतात. हा नागरी सहभाग नव्हे, त्याची टिंगल आहे.

म्हणून पोलिसांकडे आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक बीटचा अंमलदार दरमहा ठरल्या दिवशी वस्तीत येऊन बसावा आणि मागील तक्रारींचे काय झाले ते सांगावे. स्त्रीने तक्रार मागे घेतली, तर ती का घेतली याची स्वतंत्र चौकशी व्हावी. समाजाकडेही तितकीच स्पष्ट मागणी आहे. गृहनिर्माण संस्थांनी भाडेकरूंची नोंद पोलिसांकडे करावी. घरभाड्याचे पैसे मोजताना तेवढे कष्ट घ्यावेत. भेदरलेली लेक वा सून पोलीस ठाण्यात निघाली, तर शेजारच्या दोघींनी तिच्यासोबत जावे. संकट दिसताच 112 क्रमांक फिरवावा, नंतर चित्रफीत. आणि डोळ्यांदेखत उभ्या राहणाऱ्या अनधिकृत इमारतीलाही गुन्हाच समजावे. ऑगस्ट 2025 मध्ये विरारच्या विजयनगरात अशीच एक इमारत कोसळून 17 जणांचा बळी गेला.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तो एका रात्रीच्या आवेशाने नव्हे. त्यामागे दोन वर्षांची चिवट, शिस्तबद्ध मोहीम होती. त्या विजयाचा अभिमान मिरविणाऱ्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ आपल्या वस्तीसाठी राखून ठेवावी. मागणे एवढेच आहे. आणि तेवढेही जमणार नसेल, तर पुढच्या वेळी पोलिसांना नावे ठेवण्याचा अधिकारही आपल्यापाशी उरणार नाही.