‘कदाचित’चं बटण

भाचीनं माझ्या फोनवर गूगल कॅलेंडर लावून दिलं. "आत्या, बैठकीला यायला वेळ मिळत नाही म्हणतेस ना? सगळी कामं यात टाक आणि आधी महत्त्वाची कर." तिच्या ऑफिसात याचं शिबिरच झालं होतं. कामांचे चार कप्पे करायचे: तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, वगैरे.

मी टाकायला बसले. साडेपाचला पाणी येतं नि चाळीस मिनिटांत जातं, म्हणजे तातडीचं. डबे तातडीचे. सासूबाईंची गोळी तातडीची. ‘महत्त्वाचं पण तातडीचं नाही’ या कप्प्यात दोनच गोष्टी उरल्या: आपल्या गटाची बैठक आणि माझ्या गुडघ्याची तपासणी. दोन्ही महिनाभर पुढं सरकत राहिल्या. सरकवणं सोपं आहे हो, बोटानं ओढलं की झालं!

एकाच वेळी दोन-तीन कामं आली की हे कॅलेंडर त्यांच्या शेजारी-शेजारी अरुंद पट्ट्या करतं. माझ्या सकाळी सहा ते आठमध्ये इतक्या पट्ट्या झाल्या की अक्षरं वाचता येईनात. नवऱ्याच्या कॅलेंडरात त्याच वेळी पांढरी स्वच्छ जागा होती.

हे माझ्या एकटीच्या घरचं नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. तीही जे पुरुष घरकाम करतात त्यांची! तेव्हा बायकांना ‘वेळेचं नियोजन’ शिकवणाऱ्या शिबिरांचा मला राग येतो. आपणही अशी शिबिरं घेतली आहेत, मीही घेतलं आहे. वेळ मिळत नाही याचा दोष त्यात नकळत बाईच्याच माथी बसतो. नियोजन ज्याला ‘नाही’ म्हणता येतं त्यानं करायचं असतं.

तरी मी ते कॅलेंडर पुसलं नाही. कारण त्यात एक सोय सापडली. कुठल्याही कामाचं बोलावणं दुसऱ्याला पाठवता येतं आणि त्याला उत्तर द्यावं लागतं: हो, नाही किंवा कदाचित. मी पाणी नवऱ्याला पाठवलं, कचरा मुलाला. मुलानं सरळ ‘नाही’ दाबलं. नवऱ्यानं ‘कदाचित’. पंचवीस वर्षं तोंडी ऐकलेलं उत्तर पहिल्यांदा लेखी मिळालं! त्या रात्री घरात जे भांडण झालं ते फार वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. आता पाणी आठवड्यातून चार दिवस तो भरतो. कचऱ्याचं अजून चालू आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या शिबिरात कप्पे नकोत. प्रत्येकीनं दिवसाची कामं लिहावी आणि समोर कुणाचं नाव आहे ते लिहावं, बस्स.

गुरुवारी चारची बैठक मी लाल रंगात टाकली आहे. घरात सगळ्यांना बोलावणं गेलंय, त्या वेळचा चहा कोण करणार ते त्यांनी आपसात ठरवावं. सासूबाईंकडे फोन नाही. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर गुरुवारला पेनानं गोल केला.