‘यूसलेस’ कोण?

आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने इंग्रजीतून जे शब्द उचलून घरगुती केले, त्यांत रिकाम्या किंवा निष्प्रभ माणसाला हिणवणाऱ्या शब्दांचा भरणा मोठा आहे. नोकरी न लागलेला मुलगा ‘यूसलेस’, चौकात उभा असलेला तरुण ‘लोफर’, मंदावलेला कामगार ‘नॉन-परफॉर्मर’ आणि वय झालेला कारकून ‘डेडवुड’! छत्रपती संभाजीनगरात वाळूजच्या कारखान्यांपासून सिडकोतील दिवाणखान्यांपर्यंत हे शब्द सर्रास ऐकू येतात. माझा आक्षेप भाषाशुद्धीच्या सोवळ्यापोटी नाही. तो या शब्दांत दडलेल्या अर्थशास्त्राला आहे.

आळशासाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. ‘ऐदी’ हा शब्द मोगल बादशहाच्या पदरच्या ‘अहदी’ स्वारांवरून आला. ‘ऐतखाऊ’ म्हणजे दुसऱ्याच्या कष्टावर जगणारा. या शब्दांचा रोख फुकट खाणाऱ्यावर आहे. आपल्या म्हणी निर्दोष आहेत असे नव्हे. कित्येक म्हणींनी कष्टकरी जातींनाच टोचले आहे. परंतु ‘यूसलेस’ हा शब्द माणसाचे मोल केवळ उपयोगावरून ठरवतो आणि उपयोग कोणाला, हे मात्र सांगत नाही. ज्याला कोणी मजुरीवर ठेवत नाही तो निरुपयोगी, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ.

आता दुसरी बाजू पाहा. उद्योगपतीने बँकेचे कर्ज थकवले, तर ‘नॉन-परफॉर्मिंग’ ठरते ते कर्ज, माणूस नव्हे. शेंद्रा-बिडकीनकडे भूखंड घेऊन भाव वाढण्याची वाट पाहत स्वस्थ बसणारा ‘इन्व्हेस्टर’ म्हणवतो. मजूर अड्ड्यावर सकाळपासून कामाची वाट पाहणारा मात्र ‘लोफर’. स्वस्थ बसणे दोघांचेही, प्रतिष्ठा एकाचीच!

हा दुजाभाव केवळ बोलण्यापुरता राहत नाही, तो कायद्यातही उतरतो. इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्याने मदत मागणाऱ्याची स्थिती सर्वांत हलाखीच्या मजुराहूनही वाईट ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. आपल्याकडे १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भीक मागून जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत घातले. दारिद्र्याचा अपराध झाला.

काही माणसे खरोखरच आळशी असतात, असे कोणी म्हणेल. असतील, परंतु लाखो माणसे एकाच वेळी आळशी होत नाहीत. काम करण्याची तयारी असूनही मागणीअभावी माणसे बेकार राहतात, हे केन्सने १९३६ मध्ये मांडले. मराठवाड्याला ते पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९७२ च्या दुष्काळात कामे निघताच याच ‘रिकाम्या’ माणसांनी, त्यांत असंख्य स्त्रियांनी, भर उन्हात खडी फोडली, रस्ते बांधले, पाझर तलाव खोदले. त्या अनुभवातूनच महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा उभा राहिला. काम मागणे हा नागरिकाचा हक्क असून ते पंधरा दिवसांत न दिल्यास बेकारी भत्ता देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे त्याने मानले. दोष माणसाच्या स्वभावातून काढून व्यवस्थेच्या माथी ठेवणारा हा कायदा होता.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतःच्या जिभेवरून हे शब्द उतरवावेत. तीनदा परीक्षा देऊन घरी परतलेल्या मुलाला, कंत्राट संपलेल्या कामगाराला कोणी ‘यूसलेस’ म्हटले, तर तेथल्या तेथे विचारावे : याने काम मागितले होते की नाही? आणि ते देण्याची जबाबदारी कोणाची होती?